मेश्रामजींचा रविवार

मेश्रामजी कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवरच्या बोर्डाला टेस्टर लावतात आणि मग माणसांना जयभीम घालतात. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा मी दारात हात जोडून उभा होतो. हा उंच, वाळका माणूस माझ्या बगलेखालून वाकून आत शिरला, थेट टीव्हीमागच्या प्लगपाशी जाऊन गुडघ्यांवर बसला आणि तिथूनच म्हणाला, "बांतेभाऊ, तुमच्या घराले अर्थिंगच नाही. वीस वर्सं झाली राहून रायले तुमी इथं. जिवंत कसे बा?"

मग उठून, पँटचे गुडघे झटकून, जयभीम. माझी बायको सुनंदा पाण्याचा पेला घेऊन उभी होती. तिला वाटलं, हे मीटर पाहायलाच आलेत, आणि तिने मागच्या महिन्याचं बिल शोधायला घेतलं.

ते आमच्याच कॉलनीत, चार घरं सोडून राहतात. टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले. गाव अड्याळ, पण नोकरी सगळी भंडाऱ्यात गेली. बायको वारून सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. कम्प्युटर जोडून देणं हा त्यांचा छंद. धंदा म्हटलं तर चिडतात. कुणाकडून एक रुपया घेत नाहीत, चहा मात्र दोनदा घेतात. दुकानातून तयार आणलेल्या मशीनला ते 'डबाबंद माल' म्हणतात. "वरून चकाचक. आत काय भरलं हाय ते भरणाऱ्याले मालूम!"

कॉलनीत त्यांनी जोडलेली अकरा मशिनं आहेत आणि त्यातलं एकही आजवर बिघडलेलं नाही. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली होती. ज्याचं मशीन जोडून झालं, त्याच्या घरी मेश्रामजी पुन्हा दिसत नसत. मला वाटे, असतात अशी माणसं. काम संपलं की त्यांचं मन रमत नाही. मी यापुढे विचार केला नाही.

आम्हाला त्यांची गरज पडली ती पूनममुळे. पूनम माझी मुलगी. ती गावातल्या एका छापखान्यात डिझाइनचं काम शिकत होती. आमच्या जिल्ह्यात दिवाळी झाली की गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते. मंडई म्हटली की रात्रीचं नाटक आलं, आणि नाटक म्हटलं की भिंतीभिंतीवर पोस्टर आलं. छापखान्याचा मालक जूनमध्ये पूनमला म्हणाला होता, "घरी स्वतःचा कम्प्युटर असन, तं यंदाच्या सीझनची पोस्टरं तुले देतो. दिवाळीच्या आधी काम सुरू झालं पायजे." पोस्टरवर खालच्या कोपऱ्यात डिझाइन करणाऱ्याचं नाव छापतात. पोरीने त्या कोपऱ्यासाठी जीव टाकला होता. माझ्या पगारात बसेल असं मशीन पाहिजे होतं, म्हणून मी मेश्रामजींना बोलावलं.

पहिल्या रविवारी त्यांनी मला काहीच विचारलं नाही. पूनमला समोर बसवलं आणि तासभर तिची तपासणी केली. किती वेळ बसतेस? डोळे चुरचुरतात का? एका वेळी किती फायली उघडतेस? रंग कोणता जास्त वापरतेस?

"निळा," पूनम म्हणाली. "नाटकातली रात्र दाखवाले लागते ना, काका."

"निळा," असं म्हणत त्यांनी वहीत लिहून घेतलं. खाली दोन रेघा मारल्या.

मी एसटीच्या स्थानकावर वाहतूक नियंत्रक आहे. कोणती गाडी कोणत्या फलाटावर किती वाजता लागेल, हे माइकवर सांगण्यात माझा जन्म गेला. मी विचारलं, "मंग, किती दिवसात होईन? आठ दिवस? पंधरा?"

मेश्रामजींनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "घाई नका करू, बांतेभाऊ. सामान घेनं सोपं हाय. जोडी जमवनं कठीन."

तेव्हापासून दर रविवारी सकाळी दहाला टेस्टर, जयभीम आणि चहा. मधल्या एका रविवारी त्यांनी आमच्या अंगणात खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून अर्थिंगसुद्धा करून दिलं. पण कम्प्युटर पुढे सरकेना.

प्रोसेसर निवडायला पूर्ण जुलै गेला. वरसंशोधन चालावं तसं ते बोलत. "पोरगा हुशार हाय, पन गरम डोक्याचा. दुसरा हाय तो थंडा, पन त्याचं घरच बारकं." घर म्हणजे मदरबोर्ड, हे मला तिसऱ्या रविवारी समजलं. रॅम एक मोठी नको, दोन लहान हव्यात, यावर त्यांनी एक अख्खी सकाळ घेतली. "तलाव भरून हाय, पन नहर एकच. पानी बांधीत जाईन कसं? दोन नहरा पायजे." माझं बालपण धानाच्या बांध्यांवर गेलेलं, त्यामुळे मला ते लगेच पटलं. पटलं हीच पंचाईत झाली. कारण त्यांचं सगळंच पटायचं आणि काहीच विकत घेतलं जायचं नाही. मी पैसे काढायला उठलो की ते हात वर करत. "थांबा. भाव पडून रायला. पुढच्या रविवारी पाहू."

ऑगस्टमध्ये एकदाचा एसएमपीएस आला. एसएमपीएस म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. तो डबा जोडायचा कशाला, अजून बाकी काही नव्हतंच. मग मेश्रामजींनी त्याला मोटारीचा एक बल्ब लावला आणि आम्हाला दिवाणखान्यात ओळीने बसवलं. बल्ब लागला. आम्ही तिघं पाहत राहिलो. अर्धा तास झाला.

"काय पाहाचं हाय, मेश्रामभाऊ?" सुनंदाने शेवटी विचारलं.

"पाहाचं नाही. आयकाचं." त्यांनी डब्याला कान लावला, मग मला लावायला लावला. "आला का आवाज?"

"नाही आला."

"शाबास! नाहीच आला पायजे."

असे चार रविवार आम्ही न येणारा आवाज ऐकला. पाचव्या रविवारी त्यांनी त्याला पास केलं आणि एक रिकामं कॅबिनेट आणलं. सप्टेंबर उजाडला तेव्हा आमच्या घरात एक डबा, एक रिकामं खोकं आणि एक माउस होता. छापखान्याच्या मालकाचा निरोप आला. दसऱ्यापर्यंत मशीन दिसलं नाही, तर काम दुसऱ्याला जाईल. पूनम त्या दिवशी जेवली नाही.

माझं डोकं सटकलं. सरळ नागपूरला जाऊन बर्डीच्या बाजारातून तयार संच आणायचा, असं मी ठरवलं. सुनंदा म्हणाली, "आधी त्यायले सांगा तं खरं."

"कसं सांगू? चार महिने चहा पाजला आन् आता म्हनू, तुमच्यानं जमत नाही?"

"मंग लपवान का?"

लपवायचंच, असं मी ठरवलं. पन्नाशीला आलेला, सरकारी गाड्या वेळेवर सोडणारा माणूस शेजाऱ्यापासून कम्प्युटर लपवतो, हे मला तेव्हा हास्यास्पद वाटलं नाही. त्यांना वाईट वाटू नये म्हणून आपण करतोय, अशी माझी समजूत होती. खरं तर समोरासमोर बोलण्याची हिंमत नव्हती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी संच आला. आतल्या खोलीत मांडला. पूनमचं काम त्याच दिवशी सुरू झालं. पहिला रविवार उजाडला तेव्हा तिची एक मोठी फाइल चालू होती, मशीन बंद करता येईना. फाटक वाजलं. तिने चालत्या मशीनवर गोधडी टाकली, दार ओढून घेतलं आणि बाहेर येऊन बसली. मेश्रामजींनी टेस्टर लावला, जयभीम घातला आणि कॅबिनेटमध्ये हवा कशी खेळली पाहिजे, या विषयाला हात घातला. अर्ध्या वाक्यात ते थांबले. मान थोडी वाकडी केली. मग म्हणाले, "पानी देजो, पोरी."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि श्वास सोडला.

त्या दिवसापासून त्यांचं बोलणं जरा भरकटायला लागलं, असं मला वाटलं. भाव पडल्याची भाषा बंद झाली. त्याऐवजी ते कुणातरी भलत्याच माणसाच्या मशीनबद्दल बोलायचे. "कोनी कोनी मशीनवर गोधडी टाकते. टाकू नये. गुदमरते ते." आणखी एका रविवारी म्हणाले, "डबाबंद मालात मागचा पंखा कधी कधी उलटा बसवला असते. कोनाचं असन, तं कागद लावून पाहा म्हनावं. कागद उडला तं बरोबर, चिकटला तं उलटा." ते गेल्यावर पूनमने कागद लावला. चिकटला. तिने स्क्रू काढून पंखा फिरवला, आणि मशीन निवांत चालायला लागलं.

आम्ही हसलो. म्हातारा बिचारा हवेत गोळ्या मारतो आणि आपल्या नेमक्या कामी येतात, असं मी म्हणालोसुद्धा. आज ते आठवलं की माझीच मला लाज वाटते.

दिवाळी झाली. मंडया सुरू झाल्या. पूनमची पोस्टरं गावोगावी लागली, कोपऱ्यात तिचं नाव. मी स्थानकावर माइकपाशी बसलेलो असायचो आणि अधूनमधून मेश्रामजी गाडीत चढताना दिसायचे. एकदा अड्याळच्या गाडीत दिसले. वाटलं, गावी निघाले. चार दिवसांनी तुमसरच्या गाडीत दिसले. मी हाक मारली तर म्हणाले, "नाकाडोंगरीले जाऊन रायलो." तिकडे त्यांचं कोण, हे मी विचारलं नाही. मला फलाट सहावर गाडी लावायची होती.

मग तो रविवार आला. मेश्रामजी नेहमीपेक्षा उशिरा आले आणि ऑटोने आले. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला एक मॉनिटर. नागपुरात कुणी आर्किटेक्ट आपलं कार्यालय आवरत होता, त्याच्याकडून त्यांनी तो वापरलेला मॉनिटर मिळवला होता. आठवडाभर स्वतःच्या घरी चालवून पाहिला होता. त्या दिवशी ते बोर्डाला टेस्टर लावायचंही विसरले.

"घ्या, बांतेभाऊ. जोडी जमली. असा रंग दाखवनारा नग या भावात सापडत नाही."

पाच महिन्यांत मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. कपाळावरचा घाम पुसत होते आणि हसत होते. मला ते सहन होईना. आतल्या खोलीत गोधडीखाली तो संच, आणि इथे हा माणूस नसलेल्या मशीनसाठी मॉनिटर घेऊन उभा. मी एका दमात सांगून टाकलं. दसरा, बर्डी, गोधडी, सगळं. हात जोडले. म्हणालो, माफ करा, मेश्रामजी, आम्ही तुम्हाला फसवलं.

त्यांनी मॉनिटर हळूच पलंगावर ठेवला.

"मालूम हाय मले," ते म्हणाले.

त्यांनी आतल्या दाराकडे बोट केलं.

"पयल्याच रविवारी समजलं. पंख्याचा आवाज येऊन रायला होता ना आतून. तुमी मशीन लपवलं, पन बंद कराचं विसरले."

"मंग तुमी काही म्हटलं काहून नाही?" सुनंदाचा आवाज बारीक झाला होता.

"तुमी नाही म्हटलं, म्हून मी बी नाही म्हटलं. चाललं होतं तं चाललं होतं." मग ते पूनमकडे वळले. "अड्याळले पोस्टर पाहिलं तुहं. नाकाडोंगरीले बी पाहिलं. चित्र चांगलं हाय, पोरी, पन रात्र जांभळी दिसून रायली. तुह्या मॉनिटरवर तो रंग निळा दिसत असन, छापल्यावर जांभळा होते. त्या डबाबंद मालाचा मॉनिटरच तसा हाय. म्हून हा आनला."

पूनम रडायला लागली. छापखान्याच्या मालकाने तिला त्याच जांभळ्यावरून दोनदा बोल लावला होता, आणि चूक कुठे होतेय हे तिला कळत नव्हतं. तिने आम्हालाही सांगितलं नव्हतं. या माणसाने त्यासाठी एसटीने दोन तालुके पालथे घातले होते. आणि मी गाड्या लावत होतो.

ते आतल्या खोलीत गेले. जुना मॉनिटर काढला, नवा लावला, रंग जुळवले. पूनमला छापील पोस्टर पडद्याशेजारी धरायला लावलं आणि दोन्हीकडचा निळा एक होईपर्यंत बटणं दाबली. सगळं मिळून दहा मिनिटं लागली असतील. पाच महिने एका बल्बकडे बघत बसवणाऱ्या माणसाने दहा मिनिटांत काम संपवलं. टॉवेल झटकून खांद्यावर टाकला.

"चला. झालं तुमचं काम."

"चहा घ्या ना, मेश्रामभाऊ. दुसरा," सुनंदा म्हणाली.

"नको. आता कायले?"

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. दहा वाजले, साडेदहा वाजले, सुनंदाने चार कपांचं आधण ठेवलं होतं. त्याच्या पुढच्या रविवारीही नाहीत. रस्त्यात भेटले तर जयभीम घालायचे, मशीन ठीक आहे ना एवढं विचारायचे आणि पुढे जायचे. रागावले असते तर मी पाय धरले असते. ते रागावलेले नव्हतेच. माझ्या खरं बोलण्याने त्यांचं आमच्याकडचं काम संपलं होतं. मी तेव्हा गप्प बसलो असतो, तर तो मॉनिटर लावायला त्यांनी होळीपर्यंतचे रविवार घेतले असते. भाव पडण्याची वाट ते कशासाठी पाहत होते, हे मला फार उशिरा कळलं. आणि त्या अकरा घरांत ते पुन्हा का दिसत नाहीत, तेही कळलं. त्यांचं मन रमत नव्हतं असं नाही. मशीन बिघडत नव्हतं, म्हणून कुणी त्यांना बोलवत नव्हतं.

तिसऱ्या रविवारी मीच त्यांच्याकडे गेलो. चार घरं सोडून राहणाऱ्या माणसाच्या घरी मी वीस वर्षांत पहिल्यांदा जात होतो. दार उघडताच त्यांचा हात खिशातल्या टेस्टरकडे गेला.

"काय बिघडलं?"

"काही नाही."

"मंग?"

"सहज आलो," मी म्हणालो. हे दोन शब्द म्हणायला माझी जीभ अडखळली.

त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. मी दुरुस्तीला काही आणलंय का, ते बघत असावेत. मग "बसा, बसा" म्हणत आत पळाले. घरात एकच खुर्ची मोकळी होती. दुसऱ्या खुर्चीवर, पलंगावर, जमिनीवर सुटे भाग, वायरी, खोकी. मला त्या मोकळ्या खुर्चीत बसवून त्यांनी दुसरी रिकामी करायला घेतली. एकेक खोकं उचलायचं आणि कुठे ठेवावं हे न सुचून हातात धरून उभं राहायचं. मी मदतीला उठलो तर मला पुन्हा बसवलं. मग म्हणाले, घरात दूध नाही, आलोच, आणि मला त्यांच्या घरात एकट्याला सोडून दुकानात गेले.

परतले ते दुधाची पिशवी, साखर, फरसाण, दोन प्रकारची बिस्किटं आणि अर्धा किलो जिलबी घेऊन. एका माणसासाठी. चहा त्यांनी फार गोड केला. आम्ही कशाबद्दलच विशेष बोललो नाही. पाऊस यंदा लांबला, धान चांगला आला, पूनमला आणखी तीन नाटकं मिळाली. मध्येच ते बोलायचे थांबत आणि माझ्याकडे पाहत. येण्याचं खरं कारण मी आता सांगेन म्हणून वाट पाहत असावेत.

तासाभराने मी उठलो. पुढच्या रविवारी दहाला येतो, म्हणालो. ते फाटकापर्यंत पोचवायला आले. कडी लावताना त्यांनी आवाज खाली केला.

"बांतेभाऊ, संकोच नका करू. खरंच काही बिघडलं नाही ना?"

मी नाही म्हणालो. त्यांना ते पटलं असेल, असं मला वाटत नाही.